खिशातील सोबती

उन्हाळ्याच्या सुटीत खेड्यातील विहिरीवर पोहावयास शिकणारी मुले तुम्ही पाहिली असतील. कदाचित तुम्हीही तसेच शिकला असाल. काठावर उभ्या असलेल्या मुलाला पाण्यात उतरण्याची इच्छा तर फार असते. परंतु खाली पाहताच त्याचे पाय लटपटू लागतात. ‘हे काही मला जमावयाचे नाही,’ असे त्याला वाटते. मग घरातील एखादे वडीलधारे माणूस त्याच्या पाठीला सुका भोपळा बांधते, धीराचे चार शब्द बोलते आणि त्याला पाण्यात सोडते. मूल हातपाय मारू लागते. पहिल्या दिवशी नाकातोंडात पाणी जाते. दुसऱ्या दिवशी चार हात अंतर कापता येते. आठवड्याभरात विहिरीची एक फेरी पुरी होते. पुढे एके दिवशी भोपळा सोडून ठेवला जातो आणि आपण त्याच्यावाचूनही तरंगत आहोत, हे त्या मुलाच्या ध्यानात येते. पोहला तो मुलगाच; भोपळ्याने हातपाय हलविले नव्हते. पण भोपळा नसता, तर कदाचित तो मुलगा पाण्यात उतरलाच नसता.

धूम्रपानाची सवय सोडू पाहणारा मनुष्यही अशाच एका काठावर उभा असतो. त्याला सवय सोडावयाची असते. पण आपल्याने ती सुटेल, असा विश्वास त्याला वाटत नसतो. अशा माणसाला धीर देण्यासाठी आज मोबाइलवर चालणारी काही ॲप्स तयार करण्यात आली आहेत. खिशातील मोबाइल हा पाठीवरच्या भोपळ्याचे काम कसे करू शकतो, हे आपण या पाठात पाहू.

धूम्रपान आरोग्यास घातक आहे, ही गोष्ट आता गुप्त राहिलेली नाही. १९५० साली रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या दोन ब्रिटिश संशोधकांनी लंडनमधील रुग्णालयांतील रोग्यांची बारकाईने चौकशी केली आणि धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा निकटचा संबंध दाखवून दिला. डॉल स्वतः धूम्रपान करीत असत. परंतु आपल्याच संशोधनातून हाती आलेले सत्य पाहून त्यांनी ती सवय सोडून दिली. त्यानंतर जगभर झालेल्या अभ्यासांतून असे आढळले, की तंबाखूच्या धुरात ७,००० हून अधिक रासायनिक द्रव्ये असतात आणि त्यांपैकी निदान ६९ द्रव्ये कर्करोगास कारण होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे तंबाखूमुळे जगात दरवर्षी ७० लाखांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडतात.

मग साहजिकच असा प्रश्न उभा राहतो, की इतके सारे ठाऊक असूनही माणसे धूम्रपान का सोडीत नाहीत? त्यांना सोडण्याची इच्छाच नसते काय? तसे मुळीच नाही. २०१६-१७ साली आपल्या देशात तंबाखूच्या वापराची मोठी पाहणी झाली. धूम्रपान करणाऱ्या प्रौढांपैकी निम्म्याहून अधिक लोकांच्या मनात ते सोडण्याचा विचार होता, असे त्या पाहणीत दिसून आले. म्हणजे ज्ञान आहे, इच्छाही आहे. तरी पाऊल पुढे पडत नाही. याचे कारण समजण्यासाठी तंबाखू शरीरात काय करते, ते पाहिले पाहिजे.

तंबाखूत निकोटिन नावाचे द्रव्य असते. धुराचा झुरका घेतल्यानंतर अवघ्या काही सेकंदांत हे निकोटिन रक्तावाटे मेंदूपर्यंत पोहोचते. तेथे त्याच्या प्रभावाने डोपामिन नावाचे द्रव्य स्रवते आणि माणसाला क्षणभर बरे वाटते. थोड्याच वेळात रक्तातील निकोटिन कमी होते व अस्वस्थता वाटू लागते. ती घालविण्यासाठी मनुष्य पुन्हा सिगारेट पेटवितो. असे वारंवार घडले, की मेंदूला निकोटिनाची चटक लागते. मग ते मिळाले नाही, की चीड येते, कामात चित्त लागत नाही, झोप उडते. या अवस्थेलाच आपण ‘तलफ’ म्हणतो. शिवाय शरीराच्या या मागणीला मनाच्या सवयींचीही जोड मिळते. चहाचा पेला, जेवणानंतरचा निवांतपणा, मित्रांची बैठक, कामाची धास्ती, अशा प्रत्येक प्रसंगाची सिगारेटशी जणू गाठ बसलेली असते. म्हणून ज्याला सवय सुटत नाही, त्याला ‘दुबळ्या मनाचा’ म्हणून हिणविणे अन्यायाचे होईल. तो एका चिवट शत्रूशी झुंजत असतो, आणि बहुधा तो यापूर्वी एकदा तरी हरलेला असतो. हरलेल्या माणसाजवळ सर्वांत अधिक उणीव असते ती आत्मविश्वासाची.

हा आत्मविश्वास येतो कोठून? आल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ साली या प्रश्नाचे उत्तर मांडले. ‘अमुक एक काम मला करता येईल’ हा विश्वास माणसाला चार मार्गांनी मिळतो, असे त्यांचे म्हणणे होते. पहिला मार्ग म्हणजे स्वतः मिळविलेले यश. दुसरा मार्ग, आपल्यासारख्याच माणसाला यशस्वी होताना पाहणे. तिसरा, दुसऱ्याने दिलेला धीर. चौथा मार्ग म्हणजे आपल्या देहाची व मनाची अवस्था ओळखून ती शांत ठेवता येणे. या चारांत पहिला मार्ग सर्वांत प्रभावी होय. आपल्या विहिरीवरच्या मुलाकडे पुन्हा पाहा. काल कापलेले चार हात अंतर, शेजारी पोहणारा त्याच्याच वयाचा सोबती, वडीलधाऱ्यांचे शब्द आणि हळूहळू सावरलेला श्वास, या चारही गोष्टी तेथे आहेत. चांगले ॲप या चार गोष्टी माणसाच्या खिशात आणून ठेवण्याचा प्रयत्न करते.

आता आपण एका काकांची कल्पना करू. हे काका मालमोटार चालवितात आणि गेली वीस वर्षे सिगारेट ओढीत आहेत. त्यांनी दोनदा ती सोडून पाहिली. पण दोन्ही वेळा आठवड्याच्या आत ती पुन्हा हाती आली. तिसऱ्या वेळी ते आपल्या मोबाइलवर असे एक ॲप घेतात. ॲप त्यांना प्रथम उपदेश करीत नाही. ते प्रश्न विचारते. तुम्ही दिवसातून किती वेळा ओढता? केव्हा ओढता? आणि ही सवय तुम्हाला कशासाठी सोडावयाची आहे? शेवटच्या प्रश्नाशी काका थोडे थबकतात. मग ते लिहितात, ‘पोरीच्या लग्नात मला धाप न लागता सगळीकडे फिरता आले पाहिजे.’ हे कारण दुसऱ्या कोणी त्यांच्यावर लादलेले नाही. ते त्यांचे स्वतःचे आहे. प्रेरणा अशाच कारणातून उपजते. पुढे मन डळमळीत झाले, की ॲप हेच वाक्य त्यांच्यापुढे ठेवते.

पहिला आठवडा काका प्रत्येक सिगारेटची नोंद करतात. आठवड्याच्या अखेरीस त्या नोंदी पाहताना त्यांना नवल वाटते. आपण दिवसभर ओढतो, अशी त्यांची समजूत होती. परंतु ठराविक तीन प्रसंगीच हात खिशाकडे जातो, असे त्यांच्या ध्यानी येते. सकाळच्या चहाबरोबर, माल चढविला जात असताना वाट पाहत बसल्यावर आणि रात्रीच्या जेवणानंतर. शत्रू कोणत्या वाटेने येतो हे कळले, की त्या वाटेवर पहारा ठेवता येतो. काका चहाबरोबर भाजलेले शेंगदाणे ठेवतात, माल चढेपर्यंत फेऱ्या मारतात आणि जेवणानंतर लगेच दात घासतात. मग ते एक तारीख निश्चित करतात. त्या दिवसापासून एकही सिगारेट ओढावयाची नाही.

तारीख उजाडते. आता ॲप मोजणी सुरू करते. काकांचा सिगारेटवर रोज ६० रुपये खर्च होत होता, असे धरू. दुसऱ्या दिवशी पडद्यावर आकडा दिसतो, ‘१२० रुपये वाचले.’ एका महिन्याने तो १,८०० होतो. वर्षभर हेच चालले, तर २१,९०० रुपये वाचतील. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण काकांनी लहानपणी पाठ केली होती. आज ते तळे त्यांना डोळ्यांनी दिसते. शरीरातील सुधारणाही ॲप त्यांना वेळोवेळी कळविते. शेवटच्या सिगारेटनंतर २० मिनिटांत हृदयाची वाढलेली गती उतरू लागते. १२ तासांत रक्तातील कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू नेहमीच्या पातळीवर येतो. २ ते १२ आठवड्यांत रक्ताभिसरण सुधारते. वर्षभरात हृदयविकाराचा धोका धूम्रपान करणाऱ्याच्या तुलनेने सुमारे निम्मा होतो. हा एकेक टप्पा म्हणजे काकांनी स्वतः मिळविलेले यश होय. ‘मी दोन दिवस राहिलो, म्हणजे तिसरा दिवसही राहू शकेन,’ असा हिशेब त्यांच्या मनात सुरू होतो. आत्मविश्वास असाच लहान लहान विजयांतून घडत जातो.

परंतु चौथ्या दिवशी जोराची तलफ येते. हात थरथरतात, डोके जड होते. अशा वेळी ॲपमध्ये एक बटण असते. ते दाबले, की पडद्यावर सूचना येतात. थांबा. सावकाश दीर्घ श्वास घ्या. घोटघोट पाणी प्या. दुसऱ्या कामात मन गुंतवा. तलफ बहुधा काही मिनिटेच टिकते, याची आठवणही ॲप करून देते. समुद्राकाठी उभे राहिलेल्या माणसाने येणारी लाट अडविण्याचा प्रयत्न केला, तर तो कोलमडतो. ती येते आणि ओसरते, हे ओळखून जो पाय रोवून उभा राहतो, तो टिकतो. तलफेचेही तसेच आहे. सवय सुटल्यानंतरचे पहिले दिवस सर्वांत कठीण असतात. पुढे काही आठवड्यांत हा त्रास पुष्कळसा ओसरतो.

समजा, एवढे करूनही दहाव्या दिवशी काकांनी एका सोबत्याच्या आग्रहाने एक सिगारेट ओढली. पूर्वी असे घडले, तेव्हा त्यांनी ‘संपले सारे!’ असे म्हणून प्रयत्नच सोडून दिला होता. चांगले ॲप या ठिकाणी त्यांना दोष देत नाही. ते विचारते, ‘काय घडले? पुढच्या वेळी काय कराल?’ चालताना ठेच लागली, तर कोणी परत घरी जाऊन बसत नाही. दहा दिवसांत नऊ दिवस आपण जिंकलो, हे काकांना कळले, की अकराव्या दिवशी ते पुन्हा उभे राहू शकतात.

ही सारी कल्पना झाली. प्रत्यक्षात असे घडते काय? संशोधकांनी याची कसून परीक्षा केली आहे. त्यासाठी ते इच्छुक माणसांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडतात, एका गटाला नवे साधन देतात आणि काही महिन्यांनी दोन्ही गटांची तुलना करतात. ॲप्स येण्यापूर्वी साध्या मोबाइल संदेशांवर असे प्रयोग झाले. न्यूझीलंडमधील अशा एका प्रयोगाचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. त्यानंतर ब्रिटनमध्ये ५,८०० लोकांवर एक मोठा प्रयोग झाला व त्याचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. एका गटाला धूम्रपान सोडण्यास धीर देणारे संदेश मिळाले, तर दुसऱ्या गटाला त्या विषयाशी संबंध नसलेले संदेश मिळाले. सहा महिन्यांनी लाळेची तपासणी करून खात्री करण्यात आली. धीराचे संदेश मिळालेल्यांपैकी शंभरात सुमारे ११ जण धूम्रपानापासून दूर राहिले होते. दुसऱ्या गटात असे सुमारे ५ जणच होते.

पुढे अमेरिकेत २,४१५ लोकांवर दोन ॲप्सची तुलना करण्यात आली. तिचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. एक ॲप तलफ टाळण्याचा नेहमीचा सल्ला देणारे होते. दुसरे ॲप तलफेला न घाबरता ती ओळखावी व ओसरू द्यावी, असे शिकविणारे होते. वर्षभरानंतर, गेल्या ३० दिवसांत आपण एकदाही धूम्रपान केले नाही, असे सांगणारे लोक पहिल्या ॲपच्या गटात शंभरात सुमारे २१ होते, तर दुसऱ्याच्या गटात सुमारे २८ होते. या आकड्यांकडे प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. २८ जणांना यश आले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण उरलेल्या ७२ जणांना त्या खेपेस यश आले नाही, हेही तितकेच खरे. ॲप म्हणजे मंत्र नव्हे. सर्व ॲप्स सारख्या गुणाची नसतात, आणि बाजारात जे मिळते ते सगळेच तपासलेले असते असेही नाही. मोबाइलच्या पडद्याचाही अतिरेक होऊ शकतो. एका सवयीतून सुटून दुसरीत अडकणे शहाणपणाचे ठरणार नाही. ज्यांची सवय फार जुनी आहे, त्यांना वैद्यकीय सल्ल्याची व कधी कधी औषधांचीही गरज पडते. भोपळा उपयोगी खरा. पण खोल पाण्यात काठावर जाणते माणूस असावे लागते.

असे जाणते माणूस दूरध्वनीवरही भेटू शकते. २०१६ साली दिल्ली येथील वल्लभभाई पटेल वक्ष संस्थेत राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवा सुरू झाली. पुढे मुंबई, बंगळूर व गुवाहाटी येथेही तिची केंद्रे उघडण्यात आली. १८००-११-२३५६ हा तिचा निःशुल्क क्रमांक आहे. २०१८ सालापासून तंबाखूच्या वेष्टनांवर धोक्याच्या चित्राबरोबर हा क्रमांकही छापण्यात येऊ लागला. म्हणजे ज्या पाकिटात रोग आहे, त्याच पाकिटावर सुटकेची वाटही लिहिलेली आहे! ज्यांच्याजवळ ॲप चालविता येईल असा मोबाइल नाही, अशांसाठी केंद्र सरकारने २०१६ सालीच एक योजना सुरू केली. एका क्रमांकावर नुसता ‘मिस्ड कॉल’ द्यावयाचा, की साध्या मोबाइलवरही मार्गदर्शनाचे संदेश येत.

‘पण आता फार उशीर झाला,’ असे कित्येक वयस्क माणसे म्हणतात. त्यांना डॉल यांचीच पुढची हकीकत सांगावी. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ सालापासून ब्रिटनमधील सुमारे ३४,००० पुरुष डॉक्टरांच्या आरोग्याची नोंद पन्नास वर्षे ठेवली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, धूम्रपान चालूच ठेवणाऱ्यांच्या तुलनेने तिसाव्या वर्षी ते सोडणाऱ्यांच्या आयुष्यात सुमारे १० वर्षांची, चाळिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांच्या ९ वर्षांची, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्यांच्या ६ वर्षांची आणि साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांच्या आयुष्यात ३ वर्षांची भर पडते. आजोबांबरोबर आणखी तीन वर्षे! नातवंडांना याहून मोठी ठेव कोणती हवी?

तुमच्या घरी किंवा शेजारी कोणी धूम्रपान करीत असेल. त्यांचे पाकीट लपवू नका, चारचौघांत त्यांना टोचून बोलू नका. शरमेने माणूस सवय लपवावयास शिकतो. ती सोडावयास शिकत नाही. आई-वडील, काका, आजोबा यांच्याशी एकांतात, आदराने बोला. ‘बाबा, तुम्ही आम्हाला फार दिवस हवे आहात,’ एवढे वाक्य पुष्कळ झाले. त्यांनी मनावर घेतले, तर ॲप कसे वापरावे ते त्यांना दाखवा. मोबाइलच्या बाबतीत आज कित्येक घरांत मुलेच मोठ्यांची गुरू असतात! आणि मग रोज संध्याकाळी विचारा, ‘आज कितवा दिवस?’ आकडा वाढला असेल, तर आनंद व्यक्त करा. पुन्हा एकपासून आरंभ करावा लागला असेल, तर तेवढ्याच प्रेमाने ‘उद्या दुसरा दिवस’ असे म्हणा. तुमचा हा प्रश्न कोणत्याही यंत्राच्या संदेशाहून अधिक बळ देणारा ठरेल. इतके करूनही त्यांची सवय सुटली नाही, तर त्याचा दोष मात्र स्वतःकडे घेऊ नका. पोहावयाचे असते ते ज्याचे त्यानेच.

तुम्हाला स्वतःला तर या विहिरीत उतरण्याचे कारणच नाही. अठरा वर्षांखालील व्यक्तीला तंबाखूचे पदार्थ विकण्यास २००३ च्या कायद्याने बंदी आहे. आणि जी सवय लागलीच नाही, ती सोडावी लागत नाही. तरीही या पाठातील मर्म तुमच्या उपयोगाचे आहे. गणिताची भीती असो, सभेत बोलण्याचा संकोच असो किंवा पहाटे उठण्याचा आळस असो; आधी आपले कारण ओळखा, लहान पाऊल टाका, त्याची नोंद ठेवा, घसरलात तर पुन्हा उठा. चार हात अंतर आज कापले, तर विहिरीची फेरी उद्या दूर नाही.